सोडून गेलेल्यांचं वजन कोण मोजणार?

वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांची सध्या जोरदार हवा आहे. 'वेगोव्ही' २०२५ मध्ये भारतात आलं. त्यातल्या सेमाग्लुटाइडने किती वजन उतरतं, विचारा. कुणी १५ टक्के सांगेल, कुणी १७. गंमत म्हणजे दोन्ही आकडे एकाच चाचणीतले आहेत आणि दोन्ही खरे आहेत!

ती चाचणी म्हणजे २०२१ साली प्रसिद्ध झालेली 'स्टेप-१'. १,९६१ माणसं, ६८ आठवडे, प्रत्येकाचं वजन ठरावीक दिवसांनी पुन्हा पुन्हा मोजलेलं. अशा चाचणीत खरी डोकेदुखी असते ती मधेच औषध सोडणाऱ्यांची. सेमाग्लुटाइड घेणाऱ्यांपैकी साधारण १७ टक्के लोकांनी ते मुदतीआधीच सोडलं. त्यांचा हिशेब कसा धरायचा?

औषध सोडलं तरी माणूस गणतीत ठेवला, तर सरासरी घट १४.९ टक्के. आणि 'सगळ्यांनी शेवटपर्यंत घेतलं असतं तर?' असं विचारलं, तर १६.९. हा दुसरा आकडा काढताना औषध सोडल्यानंतरची वजनं बाजूला ठेवतात आणि पुढचा अंदाज औषध चालू ठेवणाऱ्यांवरून बांधतात. पूर्वी सर्रास याहून सोपी युक्ती चालायची: शेवटचं मोजलेलं वजन तसंच पुढे ओढायचं, जणू माणूस त्या दिवशी गोठलाच. प्रत्यक्षात तसं होत नाही. याच चाचणीतल्या ३२७ जणांवर पुढे लक्ष ठेवलं, तर औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्यापैकी दोन तृतीयांश वजन परत आलं होतं.

मूळ शोधनिबंधात दोन्ही आकडे छापलेत, त्यात लपवाछपवी नाही. घोळ होतो तो पुढे. बातमीत, दवाखान्यात एकच आकडा उरतो, आणि तो कुठल्या प्रश्नाचं उत्तर आहे हे कुणी सांगत नाही.

आता आपला विचार करा. चाचणीत औषध फुकट मिळत होतं, तरी इतक्यांनी सोडलं. इथे दर महिन्याला खिशातून पैसे जाणार. किती जण टिकतील?

माझं म्हणणं एवढंच. भारतात औषध चाचण्यांची सरकारी नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे. सोडून जाणाऱ्यांचा हिशेब कसा करणार, हे तिथेच, आधीच, साध्या भाषेत लिहायला लावा. आणि तुम्ही डॉक्टरांना एक प्रश्न नक्की विचारा: "हा आकडा टिकलेल्यांचा, की सगळ्यांचा?"