मामू, हा व्हिडिओ कुठला?

एप्रिल २०२०. टाळेबंदी लागून दोन-तीन आठवडे झाले होते. पालीच्या बाजारात फळांची गाडी लावणारे आमच्या ओळखीचे एक चाचा घरी बसून होते. फळं विकायला बंदी नव्हती, पण नेहमीची गिऱ्हाइकं गाडी दिसली की रस्त्याच्या पलीकडून जायला लागली होती. टीव्हीवर दिवसरात्र 'मरकज' चाललेलं आणि मोबाईलवर फळांना थुंकी लावल्याचे व्हिडिओ. मी चिडलो होतो. त्या चिडीतच घरच्या ग्रुपवर मीही एक व्हिडिओ टाकला, 'थुंकणारे भलतेच आहेत आणि बदनाम आपण होतोय' असं लिहून. दहा मिनिटांत भाचीचा मेसेज आला. ती तेव्हा सातवीत होती. "मामू, हा व्हिडिओ कुठला? मागची पाटी कुठल्या भाषेत आहे?"

पाटी मी पाहिलीच नव्हती. शोधल्यावर कळलं की व्हिडिओ भारतातला नव्हता आणि करोनाच्या आधीचा होता. मी तो काढून टाकला, पण तोवर चुलतभावाने आणखी तीन ग्रुपवर पाठवला होता.

हीच भाची आता बारावी झाली आणि तिला मास मीडिया शिकायचंय. कुवेतहून दुल्हाभाईंचा फोन आला, "तू इंजिनिअर आहेस, तुझं ऐकेल. जरा समजाव तिला." मी समजवायला गेलो आणि तिचंच ऐकून आलो.

माध्यमांना शिव्या देणं हा आपल्या घरांतला रोजचा कार्यक्रम आहे, आणि त्याला कारणही आहे. २१ ऑगस्ट २०२० रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने तबलीगी जमातच्या २९ परदेशी नागरिकांवरचे गुन्हे रद्द केले. मरकजला आलेल्या परदेशी लोकांविरुद्ध छापील आणि इलेक्ट्रॉनिक माध्यमांत मोठा अपप्रचार झाला, करोना त्यांनीच पसरवला असं चित्र उभं करण्याचा प्रयत्न झाला, असं निकालात नोंदवलं गेलं. तो निकाल आपण एकमेकांना पेढे वाटल्यासारखा पाठवला. चाचांच्या गिऱ्हाइकांपर्यंत तो पोचला का? मला नाही वाटत. तो पोचवणारं आपलं होतं तरी कोण?

पालीतली माझ्या वयाची आमची मुलं मी मोजून पाहिली. इंजिनिअर आहेत, फार्मसीवाले आहेत, गल्फमध्ये सेफ्टी ऑफिसर आहेत, एक-दोन शिक्षक आहेत. बातमीदार एकही नाही. आम्हाला कोणी दारात अडवलं असं नाही, आम्ही त्या दाराकडे गेलोच नाही.

माझ्या धंद्यातली एक गोष्ट सांगतो. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवणाऱ्या प्रोग्रामला 'हे खरं आहे का' हे कळत नाही. किती जण थांबले, किती जणांनी पुढे पाठवलं, एवढं तो मोजतो. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ठार मारलं. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा जाहीर केली. आमच्या हातात बहुतेक एवढंच असतं, वेग कमी करणं. पाटी कुठल्या भाषेतली आहे हे विचारणारं माणूसच लागतं.

मुंबई विद्यापीठाच्या ज्या पदवीला आपण बीएमएम म्हणायचो, ती २०१९-२० पासून बीएएमएमसी झाली. सुरुवातीला संवादाची मूलतत्त्वं, माध्यमांचा इतिहास, चालू घडामोडी वगैरे; तिसऱ्या वर्षी जाहिरात किंवा पत्रकारिता यांतलं एक निवडायचं. "हे सगळं यूट्यूबवर मिळत नाही का?" मी विचारलं. तिने फोन काढून रेकॉर्डिंग लावलं. जुलै १९८९ मध्ये अंबा नदीच्या पुराने इथून जवळचं जांभूळपाडा उद्ध्वस्त केलं. त्या पुराबद्दल तिने तीन माणसांना विचारलं होतं. एक तिची नानी म्हणजे माझी आई, एक कातकरी आजी आणि एक दुकानदार काका. पाणी कधी चढलं याच्या तिघांनी तीन वेळा सांगितल्या. तिने तिन्ही लिहून ठेवल्या होत्या. "यातली खरी कुठली हे कसं ठरवायचं, मामू? ते मला शिकायचंय."

चॅनलवाले पालीत येतात ते बल्लाळेश्वराच्या उत्सवाला, नाहीतर अंबेच्या पुलावर पाणी आलं की. एरवी नगरपंचायतीच्या सभेत काय ठरलं, पाण्याच्या योजनेचं काय झालं, कातकरी वाडीवरची मुलं शाळेत टिकतात का, हे लिहिणारे हात फार थोडे आहेत. आपल्या मुलीने हे लिहावं. मुसलमान बातमीदाराने फक्त मुसलमानांवर लिहायचं, हा हिशोब आधी आपल्या डोक्यातून जायला हवा. तिला आपली वकील म्हणूनही पाठवू नका. उद्या तिने आपल्याच जमातीच्या कमिटीकडे जमाखर्चाची वही मागितली तर ती दाखवावी लागेल, आणि तेव्हा तिच्या अब्बांना फोन करून तक्रार करायची नाही.

आणि तिने मराठीत लिहावं. चिपळूणजवळच्या मिरजोळीचे हमीद दलवाई आचार्य अत्र्यांच्या 'मराठा'त पत्रकार होते. त्यांची मतं पटोत न पटोत (ते भांडण आपल्याकडे अजून मिटलेलं नाही), ती शेजाऱ्यापाजाऱ्यांना वाचता आली कारण ती मराठीत होती. घरात कोकणी बोली, मोहल्ल्यात उर्दू आणि बाजारात मराठी ऐकत वाढलेल्या मुलीला तीन दारं आपोआप उघडी असतात. हे पुण्या-मुंबईच्या बऱ्याच बातमीदारांकडे नसतं.

दुसऱ्या विषयात पदवी झाली असेल तरी वाट बंद होत नाही. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटमध्ये १९६४ पासून पत्रकारिता शिकवली जाते, मुंबई विद्यापीठाचा विभाग आहे, अमरावतीला आयआयएमसीच्या केंद्रात मराठी पत्रकारिता शिकता येते. दिल्लीत जामियाचं एजेके मास कम्युनिकेशन रिसर्च सेंटर १९८२ पासून आहे. उर्दूतून शिकायचं तर हैदराबादला मौलाना आझाद विद्यापीठ.

पैशाचं दुल्हाभाईंपासून लपवलं नाही. पदवीचे हे वर्ग बहुतेक महाविद्यालयांत विनाअनुदानित असतात, म्हणजे फी बीएपेक्षा बरीच जास्त. तालुका प्रतिनिधीचं मानधन तुटपुंजं असतं आणि त्यात वर जाहिराती आणायची अपेक्षा. माझ्या पहिल्या पगाराशी तिच्या पहिल्या पगाराची तुलना होणार नाही. दुल्हाभाई बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते बघू. पण राहणार कुठे?"

याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. पालीहून रोज मुंबईला जाऊन-येऊन तीन वर्षं निघणार नाहीत, आणि नातेवाईकाच्या दोन खोल्यांत किती दिवस? म्हणून ज्या वाचकांनी, विशेषतः मुलींनी, हे शिक्षण घेतलंय त्यांच्याकडे एक मागणी आहे. फी किती भरली, राहायची सोय कुठे झाली आणि पहिला पगार किती मिळाला, एवढं आम्हाला खरंखरं कळवा. नाव छापणार नाही. अर्ज भरायची वेळ जवळ आली आहे आणि पालीत एक मुलगी वाट बघतेय.