ईर्षा हवी, खुन्नस नको!

(बी. ए. भाग २)

कोल्हापूरच्या माणसाला फुटबॉल समजावून सांगणे म्हणजे रंकाळ्याला पाणी दाखवण्यासारखे आहे. तरीही हे धाडस मी करीत आहे. हा लेख लिहीत असताना दोन मोठ्या तालमींचा सामना आठ दिवसांवर आला आहे. अंक आपल्या हाती पडेल तेव्हा त्याचा निकाल शिळा झालेला असेल. पण माझी तक्रार निकालाविषयी नाहीच. माझी तक्रार आहे ती या आठ दिवसांविषयी.

मित्रहो, आपल्या गावाचा फुटबॉल इतर गावांसारखा नाही. इतरत्र क्लब असतात, आपल्याकडे तालमी आहेत. पाटाकडील, दिलबहार, प्रॅक्टिस, खंडोबा, शिवाजी, बालगोपाल, फुलेवाडी ही नावे इथल्या पोराला बाराखडीच्या आधी पाठ होतात. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, खासबागेचे मैदान उभे केले, आणि पेठापेठांत तालमी नांदत्या ठेवल्या. पुढे त्याच तालमींच्या पोरांनी लाल मातीबरोबर फुटबॉलही आपलासा केला. म्हणून शाहू स्टेडियमवर उतरतो तो नुसता अकरा जणांचा संघ नसतो. त्यांच्यामागे एक अख्खी पेठ, तिचा गणपती, तिची पाण्याची रांग आणि तिचे जुने हिशेब असे सगळेच मैदानात उतरते.

या प्रकाराला आपल्याकडे एक खास शब्द आहे, ईर्षा. शब्दकोशात हा शब्द वाईट असेल. कोल्हापुरात तो तसा नाही. ‘ईर्षेने खेळला’ असे म्हटले की खेळाडूची छाती फुगते. ईर्षा म्हणजे समोरच्यापेक्षा सरस ठरण्याची जिद्द. गंमत अशी, की ईर्षेला समोरचा लागतो, आणि तोही तगडा लागतो. दुबळ्या संघाला पाच गोल मारून कुणी मिशीला पीळ देत नाही. कुस्तीतही आधी सलामी असते, मग डाव असतो. जोड तोलामोलाची असेल तरच मैदान भरते. आपल्या आजोबांना हे कळत होते.

मग आता काय झाले आहे? ईर्षेच्या जागी खुन्नस येऊन बसली आहे. खुन्नसला समोरचा तगडा नको असतो. तिला समोरचा असायलाच नको असतो! मोठा सामना जाहीर झाला, की चौकाचौकांत फलक झळकतात. त्यावरचे शब्द आईबहिणींना वाचता येऊ नयेत असे वाटते. भ्रमणध्वनीवर रात्रभर एकमेकांना डिवचणारी स्टेटस आणि रील्स फिरत राहतात. कट्ट्यावर चर्चा चालते, पण ती कशाची? डाव्या बगलेचा खेळाडू चेंडू आत कसा वळवतो याची नाही, बचावफळीतली फट कोण भरणार याचीही नाही. चर्चा चालते ती मागच्या वेळी कुणी कुणाला धरून मारले, आणि या वेळी ‘बघून घ्यायचे’ आहे त्याची. आठ दिवसांत ‘पास’ हा शब्द मी एकदाच ऐकला, आणि तोही प्रवेशिकेच्या संदर्भात!

फुटबॉलवेड्या माणसाची याहून मोठी चिडचिड कोणती असेल? ज्या सामन्याची वर्षभर वाट पाहावी, तोच जवळ आला की घरात धास्ती सुरू होते. आमची आई कधी शाळेची पायरी चढली नाही, पण मोठ्या सामन्याची तारीख तिला माझ्या परीक्षेच्या तारखेइतकीच पाठ असते. “आज तुझी मॅच हाय न्हवं? मग पुस्तक घेऊन गप घरात बस,” असा तिचा हुकूम सुटतो. वडील उद्यमनगरात लेथवर काम करतात. तेही त्या दिवशी नेहमीचा रस्ता सोडून लांबच्या वाटेने घरी येतात. आमच्या घरातला महाविद्यालयात आलेला मी पहिलाच. एखाद्या गुन्ह्याच्या यादीत माझे नाव चुकून जरी गेले तरी नोकरीच्या वेळी काय होईल, हे वडिलांना नीट ठाऊक आहे. त्यांची भीती अनाठायी आहे असे मी कोणत्या तोंडाने म्हणू?

आणि या खुन्नसची किंमत मोजतो कोण? हुल्लड करणारा दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर हजर असतो. किंमत मोजतो तो खेळाडू. सामना अर्धवट थांबला, स्पर्धा पुढे ढकलली, प्रेक्षकांना बंदी झाली, की त्याचा हंगाम वाया जातो. सतराव्या वर्षापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत, फुटबॉलपटूचे आयुष्य ते केवढे! आमच्या गल्लीतला एक पोरगा असाच चपळ होता. चेंडू त्याच्या पायाला चिकटून असायचा. दोन वर्षांपूर्वी गुडघा गेला. गल्लीने वर्गणी काढून शस्त्रक्रिया केली. आज तो एका दुकानात मालाची पोती मोजतो. ज्या एका हंगामात तो भरात होता, त्यातले निम्मे सामने भांडणापायी झालेच नाहीत. त्याचे नाव आज कुणा फलकावर नाही.

या मातीत गुण नाही असे कोण म्हणेल? 2017 साली सतरा वर्षांखालील विश्वचषक भारतात झाला. भारताचा कोणताही फुटबॉल संघ विश्वचषकाच्या मैदानात उतरला तो तेव्हा पहिल्यांदाच, आणि त्या संघात आपल्या कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. त्या दिवसांत त्याच्यासाठी साऱ्या पेठा एक झाल्या होत्या. मला वाटते, तेच आपले खरे रूप. आठ दिवसांच्या धुमाकुळात आपण ते विसरतो, एवढेच.

आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. आमच्या वर्गातली एक विद्यार्थिनी फुटबॉल खेळते. ऑफसाइडचा नियम ती आम्हा मुलांपेक्षा स्वच्छ समजावून सांगते. पण मोठ्या सामन्याला ती स्टेडियमकडे फिरकत नाही. कारण विचारले तर म्हणाली, “खेळ बघायला यायचं का शिव्या ऐकायला?” तिला उत्तर देता आले नाही. निम्मे गाव ज्या पायऱ्यांवर बसू शकत नाही, त्या स्टेडियमला फुटबॉलची पंढरी म्हणायचे? पंढरीत कुणाला मज्जाव नसतो.

काही थोर मंडळी यावर सोपा उपाय सांगतात, ‘बंद करा हे सामने!’ आमच्या काही गुरुजनांचेही मत असेच आहे. त्यांचा मान राखून सांगतो, हे मला मान्य नाही. पायात काटा मोडला म्हणून कुणी पाय तोडत नाही. सामने बंद झाले तर तालमीतला पोरगा सायंकाळी जाणार कुठे? मैदान सुटले की त्याला जवळ करणारे अड्डे आपण सर्व जण ओळखतो.

यापेक्षा कलकत्त्याकडे पाहावे. मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांची ईर्षा आपल्याहून थोर आणि जुनी. 16 ऑगस्ट 1980 रोजी ईडन गार्डन्सवर या दोन संघांच्या सामन्यात प्रेक्षकांत दंगल उसळली आणि चेंगराचेंगरीत सोळा जण मृत्युमुखी पडले. सामना पाहायला गेलेली सोळा माणसे घरी परतलीच नाहीत! त्या शहराने फुटबॉल बंद केला नाही. त्या दिवशी तिथे रक्तदान होऊ लागले. एकमेकांचे रक्त काढायला निघालेल्यांनी रक्त द्यायला शिकावे, याहून मोठे प्रायश्चित्त कोणते? आणि 2024 च्या ऑगस्टमध्ये, एका तरुण महिला डॉक्टरच्या निर्घृण हत्येने ते शहर पेटून उठले असताना, बंदोबस्ताचे कारण देऊन ड्युरँड चषकातला या दोघांचा सामना रद्द केला गेला. तेव्हा दोन्ही संघांचे समर्थक आपापल्या रंगांचे सदरे घालून स्टेडियमबाहेर एकत्र उभे राहिले आणि त्यांनी तिच्यासाठी न्याय मागितला. त्यांची ईर्षा त्या दिवशी संपली नव्हती. पण ईर्षा कुठे थांबवायची, हे त्यांना कळले होते.

आपल्याला हे का जमू नये? पोलिसांनी काय करावे आणि संघटनेने काय करावे हे सांगणारे पुष्कळ आहेत. मी माझ्या वर्गमित्रांना सांगतो, कारण आपल्याच वर्गात दोन्ही तालमींची पोरे एका बाकावर बसतात. एकमेकांच्या वह्या उतरवून घेतात, एकाच डब्यातली भाकरी खातात, आणि सामन्याच्या दिवशी एकमेकांना ओळख देत नाहीत! निदान आपण तरी तीन गोष्टी कराव्यात. शिवीगाळ असलेले स्टेटस पुढे पाठवू नये. राष्ट्रीय सेवा योजनेच्या मुलांनी पायऱ्यांचा एक भाग मुलींसाठी आणि घरच्या मंडळींसाठी राखून धरावा, आणि सामना संपेपर्यंत तिथे उभे राहावे. आणि शेवटची शिट्टी झाली की समोरच्या संघाने मारलेल्या चांगल्या गोलालाही टाळी द्यावी. पहिली टाळी वाजवणे जड जाईल, हे मी जाणतो. पेठेतले लोक वळून बघतील. “काय मर्दा, फितूर झालास काय?” असेही म्हणतील. म्हणू देत! शत्रूचा गोल चांगला होता हे मान्य करायलाही छाती लागते, आणि छातीची कमतरता या गावात कधी नव्हती.

आपल्या संघाने जिंकावे ही माझी इच्छा आहे, अगदी जीव तोडून आहे. पण जिंकायचे तर समोर कुणीतरी उभे असले पाहिजे, पायऱ्यांवर माणसे असली पाहिजेत, आणि पुढच्या वर्षी पुन्हा सामना झाला पाहिजे. एवढे राखले तर हरलो तरी चालेल. पुढल्या हंगामात बघून घेऊ, पण मैदानात, आणि चेंडूनेच!