डिझेल महाग का, आणि ट्रकवाल्याशी भांडण कशाला?



मागच्या जिल्हा बैठकीत एका गावाने ठराव आणला. ट्रकवाल्यांनी भाडे वाढवले आहे, ते खाली आणेपर्यंत त्यांची एकही गाडी आपल्या गावात भरू द्यायची नाही, असा ठराव होता. टाळ्याही बऱ्याच पडल्या. आम्ही उठून विरोध केला, तेव्हा मागच्या बाकावरून आवाज आला, "तुमचा मेहुणा ट्रकवाला दिसतो!" आमच्यापैकी एकाचा मेहुणा ट्रकवाला आहे, हे खरे आहे. पण आमचा विरोध त्यामुळे नव्हता. बैठकीत बोलायला पाच मिनिटे मिळाली, तेवढ्यात हिशेब मांडून होत नाही, म्हणून तो येथे मांडतो. वाचा, पटला नाही तर पुढच्या बैठकीत ठराव पुन्हा आणा.

आधी डिझेलचे पाहू. एकेकाळी डिझेलचा भाव दिल्लीत ठरत असे. पेट्रोलवर जास्त घ्यायचे, डिझेल-रॉकेल स्वस्त ठेवायचे आणि तूट तेल कंपन्यांच्या गळ्यात मारायची, अशी ती पद्धत होती. तिच्यात घोळ पुष्कळ होते आणि ती मोडली याचे आम्हाला दुःख नाही. जानेवारी २०१३ पासून डिझेल दरमहा पन्नास-पन्नास पैशांनी वाढवायला सुरुवात झाली आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये भाव पूर्ण मोकळा झाला. सांगितले असे की आता बाजार ठरवील. जगात तेल चढले की भाव चढेल, उतरले की उतरेल. आम्ही म्हणालो, ठीक आहे. बाजाराला आम्ही भीत नाही.

पण झाले काय? तो भाव मोकळा झाला त्याच सुमारास जगात कच्चे तेल घसरायला लागले. जानेवारी २०१६ मध्ये ते पिंपाला ३० डॉलरच्याही खाली आले. एप्रिल २०१४ मध्ये केंद्राचा उत्पादन शुल्काचा आकडा डिझेलच्या लिटरला ३ रुपये ५६ पैसे होता. नोव्हेंबर २०१४ ते जानेवारी २०१६ या काळात तो नऊ वेळा वाढवून १७ रुपये ३३ पैशांवर नेला. बाजाराने भाव खाली आणला की सरकारने मध्ये हात घालून ती घसरण आपल्या खिशात टाकली. मे २०२० मध्ये तर कहर झाला. टाळेबंदीत जगभर तेलाला गिऱ्हाईक नव्हते, भाव मातीमोल झाले होते. त्या वेळी एका रात्रीत डिझेलवर लिटरला १३ रुपये वाढवले आणि केंद्राचा कर ३१ रुपये ८३ पैसे झाला. त्या वर्षी, २०२०-२१ मध्ये, पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्कातून केंद्राला ३ लाख ३५ हजार कोटी रुपये मिळाले. आदल्या वर्षी १ लाख ७८ हजार कोटी होते. गाड्या उभ्या होत्या, माणसे घरात होती आणि वसुली जवळजवळ दुप्पट!

पुढे नोव्हेंबर २०२१ मध्ये १० रुपये आणि मे २०२२ मध्ये ६ रुपये कमी केले, एप्रिल २०२५ मध्ये पुन्हा २ रुपये वाढवले. तेव्हा आकडा १७ रुपये ८० पैसे झाला. या १७ रुपये ८० पैशांत मूळ शुल्क फक्त १ रुपया ८० पैसे. राज्यांना वाटा द्यावा लागतो तो एवढ्यातूनच. बाकी सोळा रुपये अधिभार आणि उपकर या नावांचे, त्यात राज्यांचा वाटा नाही.

आणि त्या सोळांतल्या चार रुपयांचे नाव ऐका. कृषी पायाभूत सुविधा आणि विकास उपकर! फेब्रुवारी २०२१ पासून डिझेलच्या प्रत्येक लिटरवर ४ रुपये आपल्या नावाने घेतले जाऊ लागले. खरे सांगायचे तर त्या दिवशी दुसऱ्या नावाची रक्कम तेवढीच कमी केली, म्हणून पंपावर फरक पडला नाही. फरक पडला तो पावतीवरच्या नावात. आता शहरातला स्कूटरवाला म्हणायला मोकळा की माझ्या पैशावर शेतकरी पोसला जातो. राज्य सरकारही मागे नाही. २०१५ च्या दुष्काळात राज्याने पेट्रोल-डिझेलवर लिटरला २ रुपये लावले, तेही दुष्काळाच्या नावाने. ज्याची पेर दोनदा मोडली त्याने तिसऱ्या पेरणीला ट्रॅक्टर लावला, की त्याच्याच दुष्काळाची वर्गणी त्याच्याकडून वसूल!

बाजार ठरवील हेही अर्धेच खरे निघाले. जून २०१७ पासून भाव रोज बदलतो असे कागदावर झाले. पण नोव्हेंबर २०२१ पासून पुढचे साडेचार महिने तो हलला नाही, कारण पाच राज्यांच्या निवडणुका होत्या. निकाल लागले आणि २२ मार्च २०२२ पासून रोज वाढ सुरू झाली. मग मे २०२२ पासून भाव जवळजवळ गोठला, तो मार्च २०२४ मध्ये लोकसभेच्या तोंडावर २ रुपयांनी उतरला. असा बाजार आम्ही कापसाच्या यार्डात तरी पाहिलेला नाही. मार्च २०१२ मध्ये जगात कापसाला भाव असताना निर्यात बंद केली, तेव्हा आम्हाला जगाचा भाव नको असे ठरले. डिझेल विकताना मात्र जगाचा भाव, वर कर.

आता ट्रककडे येऊ. हिंगणघाटहून कोईमतूरकडच्या गिरण्यांना गाठी जातात, तो फेरा धरू. साधारण साडेतेराशे किलोमीटर. दहाचाकी गाडीत शंभर गाठी, म्हणजे १७ टन. भरलेल्या गाडीला लिटरला चारचा अ‍ॅव्हरेज पडला तरी मालक देवाला नारळ फोडतो. म्हणजे ३४० लिटर डिझेल. भाव ९० रुपये धरला तर ३० हजार ६०० रुपये. गाठीमागे ३०६ रुपये. एका गाठीला पाच क्विंटल कापूस लागतो. म्हणजे तुमच्या घरातल्या एका क्विंटल कापसामागे ६१ रुपयांचे नुसते डिझेल जळते, तेही एका बाजूचे.

यात कर किती? एप्रिल २०२५ च्या दराने केंद्राचे १७ रुपये ८० पैसे. राज्याचा २१ टक्के विक्रीकर, तो केंद्राच्या करासकट रकमेवर, म्हणजे करावर कर. सगळे डिझेल महाराष्ट्रात भरले असे धरले तर तो साडेपंधरा रुपयांच्या वर जातो. दोन्ही मिळून ९० रुपयांतले ३३. एका फेऱ्याला सव्वाअकरा हजार रुपये. क्विंटलभर कापसामागे बावीस-तेवीस रुपये. हे ट्रकवाल्याने घेतले नाहीत. तो फक्त पंपावर भरून आला. आणि डिझेल जीएसटीत नाही, त्यामुळे कारखानदाराला कच्च्या मालावरच्या कराची जशी वजावट मिळते तशी याला डिझेलवरच्या कराची मिळत नाही.

हे पैसे शेवटी देतो कोण? गिरणीवाला आपला भाव गिरणीच्या दारात ठरवतो. जिनवाला त्यातून भाडे, जिनिंग आणि आपला नफा वजा करतो. व्यापारी आणखी वजा करतो. उरते ते तुम्हाला सांगतो आणि त्याला बाजारभाव म्हणतो. जाणाऱ्या मालाचे भाडे आपल्या भावातून वजा होते, आणि येणाऱ्या खताचे, बियाण्याचे, पत्र्याचे, सिमेंटचे भाडे किमतीत मिळवून येते. येताना भर, जाताना वजा. दोन्हीकडून बाजू आपलीच. ज्वारीचे तर आणखी वाईट. भाडे वजनावर ठरते, मालाच्या किमतीवर नाही. कापसाच्या क्विंटलला जेवढे भाडे तेवढेच ज्वारीच्या क्विंटलला, आणि ज्वारीचा भाव कापसाच्या जवळपासही नाही.

मग ट्रकवाला कसा तगतो? आमच्यातल्या एकाने दोन एकर गहाण टाकून अडीच वर्षे स्वतः गाडी चालवून पाहिली आहे, म्हणून हे ऐकीव नाही. मोठ्या ट्रान्सपोर्ट कंपन्यांचे सोडा. आपल्या तालुक्यातले बहुतेक मालक एका-दोन गाड्यांचे, आणि त्यांतले निम्मे शेतकऱ्यांचीच पोरे. गाडी फायनान्सवर. हप्ता दर महिन्याला, भाडे मिळो न मिळो. भाडे ठरवतो दलाल. निघताना आगाऊ रक्कम हातात पडते, ती पहिल्या दोन पंपांवर संपते. उरलेली माल पोचल्याची सही घेऊन आले की मिळते, म्हणजे महिन्याने, दीड महिन्याने, आणि दोन पोती ओली होती म्हणून कापून.

पहिला उपाय वेगाचा. गाडी पन्नास-पंचावन्नच्या वर न्यायची नाही, डिझेल वाचते. दुसरा, उताराला गाडी न्यूट्रलला टाकायची. हा उपाय नव्हे, आत्महत्या आहे, ब्रेक तापून गाड्या दरीत गेल्या आहेत, तरी करतात. तिसरा, क्लीनर बंद. पूर्वी गाडीवर पोरगा असे, तो शिकून पुढे ड्रायव्हर होई. आता मालक एकटाच गाडी हाकतो, एकटाच टायर बदलतो आणि झोप आवरत रात्र काढतो. चौथा, नव्या टायरऐवजी रिमोल्ड. पाचवा, सीमेवरचा पंप. नोव्हेंबर २०२१ मध्ये कर्नाटक आणि गुजरातने आपला कर लिटरला सात रुपये कमी केला आणि महाराष्ट्राने केला नाही. तेव्हा आपल्या गाड्या टाकी रिकामी करत निपाणीपर्यंत जायच्या आणि पलीकडे भरून घ्यायच्या. नंतर जुलै २०२२ मध्ये महाराष्ट्राने डिझेलवर ३ रुपये कमी केले. २०२० नंतरच्या नव्या गाड्यांना डिझेलच्या जोडीला युरियाचे पाणीही लागते. खताच्या दुकानापुढची रांग पाहून एक ड्रायव्हर आम्हाला म्हणाला, "काका, तुमचे पीक आणि माझी गाडी एकाच खतावर."

सर्वांत मोठा उपाय म्हणजे ज्यादा माल भरणे. जुलै २०१८ मध्ये सरकारने गाड्यांचे पासिंग वजन वाढवले, दहाचाकीचे २५ टनांवरून साडेअठ्ठावीस केले. मालकांना वाटले, बरे झाले. पण सगळ्यांच्याच गाड्या एका रात्रीत मोठ्या झाल्या, माल तेवढाच राहिला, आणि दलालांनी भाडी पाडली. त्याच महिन्यात देशभरचे ट्रक आठ दिवस उभे राहिले. डिझेल स्वस्त करा ही पहिली मागणी होती. आश्वासने मिळाली आणि चाके फिरली. आपल्या सुट्या कापसाला आणि कडब्याला तर या वाढीव वजनाचा उपयोगच नाही. वजन भरण्याआधी गाडीची हौद भरते. मग बाजूला फळ्या लावून फुगवायची, वर तारांना लागून पेटण्याची भीती, खाली नाक्यावर दंडाची.

आणि सगळ्यांत मोठा घाटा परतीचा. कोईमतूरला माल उतरला की परतीचे भाडे मिळेपर्यंत दोन-चार दिवस गाडी उभी. नाहीच मिळाले तर खाली परत. खाली गाडीला साडेपाचचा अ‍ॅव्हरेज धरला तरी २४५ लिटर, म्हणजे २२ हजार रुपये हवेत. ते कोण देणार? जातानाच्या भाड्यात ते घातलेले असतात, म्हणजे पुन्हा आपणच. आमच्या गड्याची गाडी गेली ती याच परतीपायी. तीन हप्ते थकले, फायनान्सवाल्याची माणसे ढाब्यावरून गाडी घेऊन गेली. जमीन सोडवायला चार वर्षे लागली.

म्हणून आमचे म्हणणे असे की गाडी अडवून उपयोग नाही. ट्रकवाले साधू आहेत असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२४ मध्ये डिझेल २ रुपयांनी उतरले, तेव्हा भाडे किती उतरले? आमच्याकडे तरी एक पैसा नाही. आणि डिझेल २ रुपयांनी वाढले की कोईमतूरच्या फेऱ्याला दोन हजार मागतात. वरच्या हिशेबाने जाणे ६८० आणि खाली येणे ४९०, म्हणजे पावणेबाराशे रुपये फरक पडतो. दोन हजार नव्हे.

यावर उपाय आपल्या हातात आहे. हंगामाच्या सुरुवातीला गावाने मिळून गाड्यांशी बोली करावी. बोलीच्या दिवशीचा डिझेलचा भाव कागदावर लिहावा, अंतर लिहावे, अ‍ॅव्हरेज लिहावा. पुढे डिझेल रुपयाने चढले तर जितके लिटर तितके रुपये जास्त, उतरले तर तितके कमी. दलालाने सांगायचे कामच राहणार नाही. दुसरे, जिनच्या दारात गाडी दोन-दोन रात्री उभी राहते, त्या उभ्या गाडीचा खर्चही भाड्यातच येतो. दहा गावांनी दिवस वाटून घेतले तर ही रांग अर्धी होते. तिसरे, खताचे रॅक लागते त्या स्टेशनावरून आपले खत आपल्याच कापसाच्या परतीच्या गाडीत आणावे. गेल्या हंगामात दोन गावांनी एवढेच केले. भाडे ठरवायला बसल्यावर मालकानेच आपणहून कमी सांगितले, कारण खाली येणे वाचले.

सरकारकडे मागायचे ते वेगळे. इंग्लंडात शेतीच्या डिझेलला लाल रंग घालून कर कमी ठेवतात. आम्हाला रंगीत डिझेल नको, त्यातून फक्त भेसळ आणि तपासनीस वाढतील. आमचे मागणे एवढेच की शेतीच्या नावाने लिटरमागे जे ४ रुपये घेतले, त्यांतून या जिल्ह्यात कोणते गोदाम उभे राहिले, कोणता रस्ता झाला, त्याची यादी तालुकावार लावा. हा अर्ज लिहून तयार आहे.

पुढच्या बैठकीला येताना गेल्या हंगामातल्या बिल्ट्या आणि ट्रॅक्टरच्या डिझेलच्या पावत्या घेऊन या. कोऱ्या कागदावर गाव, अंतर, वजन, भाडे आणि त्या दिवशीचा पंपाचा भाव लिहिलेला असला तरी चालेल. ट्रक मालकांनाही बोलावले आहे, सात-आठ जण येतो म्हणाले आहेत. मेहुणाही येणार आहे, त्याला काय विचारायचे ते समोरच विचारा.