ती उपचाराला गेली तर घर कोण सांभाळणार?

घरातला पुरुष दारू सोडवायला केंद्रात दाखल झाला की सगळी वस्ती त्याच्या मागे उभी राहते. बायको दोन घरची कामे वाढवून पैसे जमवते, बहीण मुलांना घेऊन जाते, भेटीच्या दिवशी कुणी ना कुणी डबा घेऊन जाते. तो परत आला की त्याला विहारात पुढे बसवतात. हे चांगलेच आहे. पण त्याच घरातली बाई दारूत, गोळ्यांत किंवा मनाच्या आजारात अडकली की आपण दार लावून घेतो. शेजारणीने विचारले तर "गावाला गेलीय" म्हणून सांगतो. माहेरी फोन जातो की तुमची मुलगी घेऊन जा. आजार एकच, वागणूक दोन. या भेदामुळे आपल्या कितीतरी बाया दवाखान्याच्या पायरीपर्यंतही पोचत नाहीत, असे आमचे म्हणणे आहे.

हिंजवडी, माण, मारुंजी, वाकड या पट्ट्यात आपल्या बाया काय काम करतात ते सर्वांना माहीत आहे. आयटी पार्कात हाउसकीपिंग, कॅन्टीनमध्ये भांडी, सोसायट्यांत धुणे-पोछा. काम ठेकेदाराच्या हाताखाली. एक खाडा झाला की त्या दिवसाचा पगार गेला, चार खाडे झाले की काम गेले. कंबर दुखते म्हणून मेडिकलमधून गोळी, झोप लागत नाही म्हणून दुसरी गोळी. भूक मारायला सकाळीच मिश्री. कुणी नवऱ्याच्या बाटलीतला घोट आधी दुखण्यावर म्हणून घेते, मग रोज घेते. बाळंतपणानंतर महिनोन्‌महिने रडत बसणारी सून असते, तिला घरचे आळशी म्हणतात.

मिश्री आणि तंबाखू आपण व्यसनात मोजतच नाही, कारण आजीपासून ती घरात आहे. २०१६-१७ च्या देशव्यापी तंबाखू पाहणीत पंधरा वर्षांवरील १२.८ टक्के स्त्रिया बिनधुराची तंबाखू वापरताना आढळल्या, म्हणजे साधारण आठांत एक. दारूचे तसे नाही. केंद्र सरकारच्या २०१९ च्या अहवालानुसार दारू पिणारे पुरुष २७.३ टक्के आणि स्त्रिया १.६ टक्के. आकडा लहान आहे म्हणून कुणी म्हणेल, एवढी काळजी कशाला? पण संख्या कमी असल्यामुळेच ती बाई एकटी पडते. तिच्यासाठी वेगळे वॉर्ड कमी, बोलायला बरोबरीची बाई नाही. त्याच अहवालात असेही आहे की दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला काही उपचार मिळतो. हे स्त्री-पुरुष मिळून झाले. त्या एकात बाई किती वेळा असेल, विचार करा.

बाईच्या शरीरात पाण्याचे प्रमाण पुरुषापेक्षा कमी असते. त्यामुळे तेवढ्याच दारूने तिच्या यकृताला लवकर इजा होते. शिवाय बऱ्याच बायांच्या बाबतीत दारूच्या आधी दुसरे काहीतरी घडलेले असते. मारहाण असते, मूल गेलेले असते, वर्षानुवर्षांची उदासीनता असते. नुसती बाटली काढून घेतली आणि मनावर उपचार केला नाही तर ती पुन्हा तिथेच येते. दोन्ही आजारांवर एकत्र उपचार लागतात.

पुण्यात येरवड्याला मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र २९ ऑगस्ट १९८६ रोजी सुरू झाले. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी ते उभे केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी त्याला आर्थिक हात दिला. तिथे दाखल पुरुषांच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट चालतो. बायकोलाही आधार लागतो, हे त्यांनी ओळखले. पुढे २००९ मध्ये व्यसनी स्त्रियांसाठी 'निशिगंध' हा वेगळा विभाग झाला. म्हणजे जागा आहे, बाया तिथे बऱ्याही होतात. प्रश्न एवढाच की निवासी उपचाराला साधारण पाच आठवडे लागतात, आणि हिंजवडीच्या वस्तीतली आई पाच आठवडे घर सोडणार कशी?

ते पाच आठवडे म्हणजे काय, ते नीट मोजू या. सकाळी नळाचे पाणी भरणे. मुलांचे डबे आणि शाळा. सासूच्या गोळ्या. धुण्याभांड्याची चार घरे. बचत गटाचा हप्ता. यातली एकही गोष्ट अशी नाही की जी पाच बाया मिळून करू शकणार नाहीत. एकीने मुलांचे बघावे, एकीने पाण्याचे. दोघींनी तिच्या घरकामांवर बदली जावे आणि ती परत आली की कामे तिला परत द्यावीत. ही शेवटची गोष्ट फार महत्त्वाची आहे. काम कायमचे जाईल या भीतीनेच बाई दवाखाना टाळते. बचत गटाने आपल्या निधीतून एक हप्ता पुढे ढकलला तर गट बुडत नाही. आणि घरातल्या पुरुषालाही पोळी लाटता येते. तिने त्याच्यासाठी केले तेवढे त्याने तिच्यासाठी करावे, यात उपकार काही नाहीत.

काही वडीलधारी मंडळी म्हणतात, "आपण पंचशील घेतलेले लोक. दारू पिणाऱ्या बाईला पाठीशी घातले तर लेकीबाळींवर काय संस्कार होणार?" काळजी समजण्यासारखी आहे. पण पाचवे शील हे शिक्षापद आहे. आपण ते स्वतःवर घेतो. दुसऱ्याला मारायची ती काठी नव्हे. पटाचारेची कथा आपण वर्षावासात ऐकतो. नवरा, दोन्ही मुले, आईवडील गेल्यावर ती भान हरपून उघडी फिरत होती. लोक वेडी म्हणून हाकलत होते. भगवंतांनी तिला जवळ येऊ दिले, कुणीतरी अंगावर वस्त्र टाकले, आणि तीच पुढे विनय जाणणाऱ्या भिक्खुणींत अग्रगण्य ठरली. आपण हाकलणाऱ्यांत आहोत की वस्त्र टाकणाऱ्यात, ते आपण ठरवायचे. समाजाची प्रगती स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजायची, हे बाबासाहेबांनी १९४२ मध्ये नागपूरच्या महिला परिषदेत सांगितले. त्या मोजणीत ही बाईसुद्धा येते.

आता काय करू नये ते सांगतो. रोज भरपूर पिणाऱ्या बाईला खोलीत कोंडून दारू एकदम बंद करू नका. झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो, जीवही जाऊ शकतो. दारू डॉक्टरांच्या देखरेखीखालीच सोडवावी. चहात गुपचूप टाकायचे "दारू सोडवण्याचे औषध" आणू नका. तिला न सांगता दिलेल्या औषधावर दारू पोटात गेली तर ते जिवावर बेतते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातून बाईला भगताकडे नेऊ नका. उदासीनतेच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. बरे वाटले म्हणून त्या मधेच बंद करू नका. आणि ती पुन्हा घसरली तर "आम्हाला माहीतच होतं" म्हणू नका, पुन्हा घेऊन जा.

२०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा तिच्या बाजूने आहे. दारू आणि अमली पदार्थांमुळे होणारे मानसिक आजार त्यात येतात. तिच्या आजाराची माहिती गुप्त ठेवण्याचा तिला हक्क आहे. तीन वर्षांखालील मूल असेल तर ते उपचाराच्या काळात एरवी तिच्यापासून तोडायचे नाही. एकदा उपचार घेतले एवढ्यावरून कुणालाही कायमचे वेडे ठरवता येत नाही. सासरची माणसे कागद पुढे करून घाबरवू लागली तर हे लक्षात ठेवा.

कुठे जायचे? पहिला फोन टेली-मानसला, १४४१६. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो, मराठीत बोलता येते. व्यसनासाठी १४४४६. नंतर औंधचे जिल्हा रुग्णालय, पिंपरीचे यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय किंवा ससून. खासगी केंद्र निवडताना परवाना बघा, बायांसाठी वेगळी जागा आणि बाई कर्मचारी आहेत का ते विचारा. घरच्यांना भेटू देत नसतील तर तिथे ठेवू नका.

उपासिका भगिनींनो, येत्या पौर्णिमेला वंदना झाली की महिला मंडळाने दहा मिनिटे बसावे. मुले कोण बघेल, बदली कोण जाईल, सोबत दवाखान्यात कोण जाईल, अशी पाच नावांची यादी करावी. कुणासाठी, ते नाव लिहायची गरज नाही. यादी तयार आहे एवढे वस्तीत कळू द्या. जिला गरज आहे ती एखाद्या संध्याकाळी स्वतः येईल. ती आली की तिला आधी बसायला सांगा, आणि तिचे सगळे ऐकून घ्या.