पॅकेज घ्या, पण चार हजेऱ्यांचा हिशेबही द्या



मागच्या महिन्यात कामशेतच्या एका वस्तीत बसलो होतो. तळेगाव एमआयडीसीत कंत्राटी काम करणारा एक तरुण आला. म्हणाला, "दादा, महिन्यात 26 हजेऱ्या भरल्या, ठेकेदाराच्या वहीत 22च आहेत. जादा तास तर धरलेच नाहीत." आम्ही विचारले, तुझ्याकडे काही नोंद आहे का? त्याने नकारार्थी मान हलवली. हातात स्मार्टफोन होता. त्यात रील होत्या, पैसे लावून खेळायचे गेम होते, झटपट कर्ज देणारी ॲप होती. बुडालेले चार दिवस मात्र त्यात कुठेच नव्हते.

हा प्रश्न आम्ही त्याला नाही, आमच्यातल्या शिकलेल्यांना विचारतो. हिंजवडीच्या आयटी पार्कात आमची मुले आहेत. वस्तीवस्तीत डिप्लोमा, बीसीए, इंजिनिअरिंग झालेले आहेत. परदेशातल्या बँकांसाठी ते ॲप लिहितात. मग आपल्या भावाच्या हजेरीसाठी चार बटणांचे एक ॲप का नाही?

उत्तर ठरलेले असते: "ॲप काढायला कंपनी लागते, भांडवल लागते." हे साफ खोटे आहे. लोणावळ्याहून घाट उतरून कर्जतला गेलो की मुंबईची लोकल सुरू होते. त्या लोकलमध्ये कोणाच्याही फोनमध्ये पाहा, एम-इंडिकेटर सापडेल. ते सुरू केले सचिन टेके या एकट्या मुंबईकराने, तेही बटणांच्या जावा फोनवर चालेल असे, स्मार्टफोन घरोघरी येण्याआधी. लोकलचे वेळापत्रक फोनमध्येच साठवलेले, नेट नसले तरी उघडणारे. घरकाम करणारी बाई आणि मंत्रालयातला अधिकारी, दोघांना पुढची गाडी सारखीच दिसते. पुढे बस आली, रिक्षाचे भाडे आले, गाडी कुठे अडकली हे प्रवाशांनीच एकमेकांना सांगण्याची सोय आली. पण मूळ गोष्ट साधी होती. रोज लाखोंना पडणारा एक प्रश्न त्यांनी पकडला आणि त्याचे नेमके उत्तर दिले.

आता आपल्याकडे बघा. आमच्या महापुरुषांच्या नावाने निघालेली ॲप शोधा. वॉलपेपर, रिंगटोन, जयंतीचे स्टेटस, फोटोभोवती निळी चौकट! अभिमान हवाच. पण चौकटीने कोणाची हजेरी भरून निघाली? बाबासाहेब 1942 ते 1946 व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खाते सांभाळत होते. कामाचे तास कमी व्हावेत म्हणून त्यांनी काम केले. कारखान्यात जादा तासाला दुप्पट दर हे 1948च्या कारखाने कायद्यानेच ठरवले होते. पण तास मोजलेच नाहीत तर दुप्पट कशाची करणार? ज्याच्या हातात वही, त्याच्या हातात मजुरी. आजवर वही एकाच बाजूची राहिली आहे.

म्हणून आम्हाला हवे असलेले ॲप असे आहे. उघडले की आजची तारीख. खाली तीन बटणे: कामावर, सुट्टी, जादा तास. चौथे बटण महिन्याचा हिशेब दाखवणारे. बटणावर 'गेलो' लिहू नका, कामावर बायाही जातात. सगळे मराठीत, मोठ्या अक्षरात. जुन्या, कमी जागेच्या फोनवर चालणारे. नाणे मावळात, आंदर मावळात डोंगराआड रेंज जाते, तेव्हा नेटशिवाय चालणारे. लॉगिन नाही, आधार नाही, फोनमधल्या नंबरांची परवानगी नाही. नोंद कामगाराच्या फोनमध्येच राहील आणि त्याला वाटेल तेव्हा महिन्याचा कागद व्हॉट्सॲपवर निघेल. लोणावळ्यात बंगल्यांवर साफसफाई करणाऱ्या बायांनाही हेच चालेल.

काही कार्यकर्ते म्हणतील, ॲपने कुठे क्रांती होते? लढाई संघटनेची असते. बरोबर. ॲप लढत नाही आणि एकट्याची नोंद म्हणजे भक्कम पुरावाही नव्हे. पण एकाच ठेक्यावरच्या 10 जणांनी त्याच दिवशी, त्याच पाळीची नोंद केलेली असेल आणि ते 10 कागद घेऊन संघटना कामगार कार्यालयात गेली, तर ठेकेदाराच्या वहीला उत्तर द्यावे लागेल. आज आम्ही तिथे रिकाम्या हाताने जातो आणि "आठवत नाही का नीट?" असे ऐकून परत येतो. नोंद नसलेला माणूस खोटा ठरतो, हा आमचा अनुभव आहे.

दुसरे म्हणतील, फुकट कोण करणार? मित्रांनो, 1920 साली 'मूकनायक' निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेब रडत बसले नाहीत. पत्रे काढली, पुढे स्वतःचा भारत भूषण छापखाना उभा केला. छापखान्याला यंत्र लागे, खिळे लागत, कागद लागे. आज ॲप लिहायचे साधन, अँड्रॉइड स्टुडिओ, फुकट मिळते. प्ले स्टोअरवर खाते उघडायला एकदाच 25 डॉलर लागतात. जयंतीच्या डीजेच्या एका तासाचा खर्च त्याहून जास्त असतो! नव्या वैयक्तिक खात्याला आणखी एक अट आहे: 12 जणांनी सलग 14 दिवस ॲपची चाचणी घेतली पाहिजे. एकट्या डेव्हलपरला इथेच घाम फुटतो. आम्हाला का फुटावा? रविवारी विहारात वंदनेला याहून जास्त माणसे बसतात.

तेव्हा वाटणी अशी करू. ज्याला कोड येतो त्याने दोन रविवार द्यावेत. ज्याला येत नाही त्याने ठेक्यावरच्या 12 कामगारांना बसवून बटणे दाबून घ्यावीत, कुठे अडते ते लिहावे. नाव, लोगो, उद्घाटन, पाहुणे नंतर. आधी त्या पोराच्या चार हजेऱ्या.

पॅकेज जरूर घ्या, आम्हाला त्याचा आनंदच आहे. पण ज्या वस्तीने वर्गणी काढून तुमची फी भरली, तिथे आजही 26चे 22 होतात. हा फरक तुम्हाला मोजता येतो. मग मोजत का नाही?

जय भीम! जय संविधान!