तांबडीला जागा द्या



कोंबडी घरात अंडे घालत नसली की आपल्या गावात तिला चुकार म्हणतात. थोडे दिवस वाट बघतात आणि पाहुणे आले की तिचा नंबर लागतो. मला हे पटत नाही. तिला अंडे घालायला घरात जागा कुठे आहे, ते आधी सांगा.

काहीजण म्हणतात डालगे आहे की. डालगे रात्री कोंबड्या झाकायला चांगले, मांजर येत नाही. पण सकाळी डालगे उचलले की कोंबड्या मोकळ्या होतात. आणि कोंबडी बहुतेक सकाळीच अंडे घालते. तेव्हा तिला आडोसा लागतो, थोडा अंधार लागतो, खाली मऊ लागते. अंगणात यातले काहीच नसते. म्हणून ती कडब्याच्या गंजीत जाते नाहीतर झुडपात शिरते. ते अंडे मुंगसाला सापडते, आपल्याला सापडत नाही, आणि राग मात्र कोंबडीवर!

आमच्या तांबडीचे असेच झाले. आजी म्हणाली, "लई चुकार हाय ही. आखाडात बघते हिच्याकडं." आई काही बोलली नाही. पण अंड्यांचे पैसे आमच्या घरी आईचे असतात. माझ्या वह्या त्यातूनच येतात. म्हणून मला काळजी लागली.

माझे मामा सोलापूरला नवी पेठेत एका दुकानात कामाला आहेत. नवी पेठ म्हणजे मोठा बाजार, दिवाळीत तर पाय ठेवायला जागा नसते. मामांच्या दुकानात काही माल फळ्यांच्या खोक्यांतून येतो. माल काढला की खोकी मागे पडून राहतात आणि थंडीत शेकोटीत जातात. मामांनी त्यातले एक एस.टी.तून आणले. कंडक्टरने खोक्यात काय आहे ते दोनदा विचारले. काहीच नव्हते.

आम्ही वाकडे खिळे काढून दगडावर ठोकून सरळ केले आणि तेच परत वापरले. खिळ्याचे टोक आत राहिले तर कोंबडीला लागते, म्हणून मी सगळीकडे हात फिरवून बघितला. पेटी १ फूट रुंद, १ फूट खोल आणि सव्वा फूट उंच झाली. तोंडाशी चार बोटे उंच पट्टी मारली, उंबऱ्यासारखी. ती नसली तर पाचट बाहेर येते आणि अंडेही घरंगळते. वरची फळी तिरकी ठेवली, कारण सपाट ठेवली की कोंबड्या वर बसून घाण करतात. अंधारासाठी फाटक्या चादरीचा तुकडा अर्ध्या तोंडावर लावला. सोलापुरी चादर लोक लांबून येऊन विकत नेतात, आमच्या कोंबडीला फुकट मिळाली! आत उसाचे पाचट आणि पिसवा होऊ नयेत म्हणून कडुनिंबाचा वाळलेला पाला घातला. पेटी भिंतीला हातभर उंचीवर बसवली.

माझा एक मित्र म्हणतो तेलाचा पत्र्याचा डबा आडवा ठेवला की झाले. थंडीत चालेल. पण आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याला हात लावून बघा, मग सांगा. लाकूडच बरे.

चार दिवस तांबडीने पेटीकडे बघितले पण नाही. मग आईने सांगितले म्हणून मी आत अंड्याएवढा पांढरा गोटा ठेवला. कोंबडीला वाटते इथे आधी कोणीतरी अंडे घातले आहे, म्हणजे जागा चांगली आहे. सहाव्या दिवशी गोट्याशेजारी खरे अंडे होते! आजी आता म्हणते, आखाड अजून लांब हाय.

गुरुजींनी एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. मोठ्या पोल्ट्रीत कोंबड्या तारेच्या पिंजऱ्यात असतात. खालची जाळी उतरती असते, अंडे आपोआप पुढे येते. कोंबडीला घरटे नसतेच. युरोपातल्या देशांनी असे नुसते पिंजरे २०१२ पासून बंद केले. तिथे पिंजऱ्यातल्या कोंबडीलाही घरटे द्यावे लागते, आणि कोंबड्या मोकळ्या ठेवल्या तर सात कोंबड्यांमागे निदान एक घरटे पाहिजे असा नियम आहे. आता आपल्या आळीत मोजा. कोंबड्या किती आणि घरटी किती? मी मोजले. घरटे एकच आहे, आमचे.

मोठी माणसे म्हणतील, कोंबडीचे एवढे काय लाड! लाड नाहीत. खोके फुकट, खिळे जुने, पाचट शेतातले. विकत काहीच आणले नाही. आणि कोंबडी कापली तर एक दिवस कालवण होते, पुढे सगळ्यांनी दुकानातून अंडी आणायची. तांबडी खुडूक झाली की आई तिला याच पेटीत अंड्यांवर बसवणार आहे. २१ दिवसांनी पिल्ले निघतील.

मामा पुढच्या महिन्यात आणखी दोन खोकी आणणार आहेत. एक शेजारच्या काकूंना कबूल केले आहे. दुसरे अजून कोणाचे नाही. ज्याच्या घरची कोंबडी चुकार आहे त्याने मला मधल्या सुट्टीत भेटावे, पण खिळे आपले आपण आणावेत.

— इयत्ता ४ थी