परसातली मोरपंखी तपकिरी का पडली?

पाचोऱ्याहून एका भगिनीचं पत्र आलं आहे. परसात सासूबाईंनी लावलेली मोरपंखी आहे, आता चांगली दीड पुरुष उंच. मुलं लहान असताना तिची पानं ‘विद्या’ म्हणून वह्या-पुस्तकांत घालून ठेवायची. होळीपासून झाड तपकिरी पडू लागलं. ताईंनी शेणखत घातलं, मग युरिया घातला, रोज दोन बादल्या पाणी चालू आहे, तरी हिरवा रंग मागेच हटतो आहे. सासूबाई आता नाहीत. घरातली मोठी माणसं म्हणतात, वाळलेलं झाड दारात बरं नव्हे, पावसाळ्याआधी तोडून टाका. आणि पत्राच्या अगदी शेवटी, घाईघाईनं लिहिल्यासारखी एक ओळ आहे: सासूबाईंचं झाड धाकट्या सुनेच्या हातून टिकलं नाही, असं थोरल्या जाऊबाई म्हणाल्या.

ताई, तुम्ही खताचं नाव विचारलंत, ते मी देणार नाही. उलट आहे ते खत आजपासून बंद करा. तपकिरी पडणारं झाड उपाशी असतं ही आपली समजूत फार जुनी आहे. मूल रोडावलं की आपण त्याला दोन घास जास्त भरवतो, तसंच झाडाचंही करतो. पण ज्याची मुळंच दुखावली आहेत त्याला युरिया म्हणजे तापात पुरणपोळी.

मोरपंखी मूळची चीनकडची. देवदार आणि चीड यांच्याच लांबच्या गोतावळ्यातली. पण ती दोघं हिमालय सोडून खान्देशात नांदणार नाहीत, ही बिचारी नांदते. आपला उन्हाळा, ४५ अंशांच्या घरातला, तीही सोसते. तिला सोसत नाही ते बुंध्याशी साचलेलं पाणी. आपली काळी जमीन कपाशीला उत्तम, कारण ती पाणी धरून ठेवते. ओली झाली की फुगते, तिच्यातली हवेची वाट बंद होते; वाळली की हातभर भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळं तुटतात. मुळांनाही श्वास लागतो. तो कोंडला की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढू शकत नाहीत, आणि वर पाला तहानेनं वाळल्यासारखा दिसतो. तो पाहून आपण आणखी एक बादली ओततो. पाण्यावाचून वाळलेलं आणि पाण्यात गुदमरलेलं झाड वरून अगदी सारखं दिसतं. म्हणून आधी एक वीतभर खड्डा करून माती हातात घ्या. लाडवासारखी वळली, हाताला चिकटली, कुबट वास आला, तर पाणी जास्त झालं आहे. भुगा होऊन बोटांतून गळली, तर तहान खरी.

मग तपकिरी रंग नेमका कुठे आहे ते पाहा. आतल्या बाजूला, खोडाजवळची जुनी पानं तेवढी वाळली असतील आणि बाहेरून झाड हिरवं असेल, तर काही झालेलं नाही. मोरपंखी जुना पाला अशीच टाकते, हलक्या हातानं झटकून द्या. फक्त पश्चिमेकडची, सिमेंटच्या भिंतीसमोरची बाजू भाजली असेल तर तो उन्हाचा आणि भिंतीच्या धगीचा प्रताप. वैशाखात तिकडून एक जुनं लुगडं आडवं बांधा. पाला आधी धुरकट, करडा दिसून मग तपकिरी झाला असेल तर फांदीखाली पांढरा कागद धरून फांदी झटका. कागदावर ठिपके चालू लागले, बोटानं पुसल्यावर लालसर रेघ उमटली, तर तो लाल कोळी. कोरड्या हवेत तो माजतो. सकाळी नळीनं पाण्याचा जोराचा फवारा आठवड्यातून दोनदा मारला तरी बराच जातो. गंधक मारा असं कुणी सांगेल, पण या उन्हात नको, उरलेला पालाही करपेल.

टोकांपासून आत तपकिरी येत असेल तर मात्र एक प्रश्न विचारते. तुमच्या कूलरची नळी कुठे सोडली आहे?

खान्देशात कूलर नाही असं घर आता विरळाच. त्याचं उरलेलं पाणी वाया कशाला घालवायचं म्हणून आपण नळी झाडाच्या बुंध्याशी सोडतो. काटकसर म्हणून हे चांगलंच वाटतं. पण कूलरच्या जाळ्यांवर उन्हाळ्याच्या शेवटी जो पांढरा थर बसतो, तो पाण्यातला क्षार आहे. पाणी उडून जातं, क्षार मागे राहतो, आणि टाकीतलं उरलेलं पाणी मूळच्या पाण्याहून कितीतरी खारं झालेलं असतं. बोअरचं जड पाणी असलं तर विचारूच नका. चार महिने रोज तेच मुळांशी गेलं की पाल्याची टोकं जळायला लागतात. पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रातून बाहेर पडणारं पाणी आणि धुण्याच्या मोरीचं साबण-सोड्याचं पाणी, दोन्ही याच जातीची. मातीवर पांढरी खपली दिसते का ते बघा.

आणखी एक. गेल्या दोन-तीन वर्षांत परसात फरशी किंवा सिमेंटचे ठोकळे बसवलेत का? बसवताना बुंध्याभोवती मातीची भर टाकली गेली असेल, तर ती उकरून खोडाचा मूळचा रुंद भाग उघडा करा. फरशीही निदान दोन-दोन हात मोकळी हवी. घर नीटनेटकं करताना झाडाचा गळा आवळला जातो आणि ते लगेच सांगत नाही, वर्ष-दीड वर्षानं सांगतं.

औषधोपचार म्हणाल तर तो तुमच्या तालुक्यातल्या मोसंबी-लिंबूवाल्यांना विचारा, त्यांना पाठ असतो. बुंध्याला पाणी लागलं की मोसंबीला डिंक्या होतो, म्हणून ते दुहेरी आळं करतात: खोडाभोवती मातीचा उंचवटा, त्याबाहेर पाण्याचं आळं. मोरपंखीलाही तसंच करा. साधं पाणी आठवड्यातून एकदा पण भरपूर, आणि तेही बाहेरच्या आळ्यात. पावसाळ्याआधी खोडाला जमिनीपासून दोन-तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावा. १०० ग्रॅम मोरचूद अर्ध्या लिटर पाण्यात, १०० ग्रॅम कळीचा चुना दुसऱ्या अर्ध्या लिटरात, वेगवेगळं भिजवून मग एकत्र करायचं. भांडं प्लास्टिकचं किंवा मातीचं, स्वयंपाकाचं मुळीच नको. मोरचूद विषारी आहे, मुलांपासून दूर ठेवा. त्यात लोखंडी सुरी बुडवून पाहा, तांबूस झाली तर चुना थोडा वाढवा. केलेलं मलम त्याच दिवशी संपवा. (हे मिश्रण फ्रान्समधल्या बोर्डो भागातलं. रस्त्याकडेची द्राक्षं लोकांनी चोरू नयेत म्हणून तिथले बागाईतदार वेलींवर निळा रंग मारायचे. त्याच वेली रोगातून वाचतात हे मिलार्दे नावाच्या प्राध्यापकांनी हेरलं आणि १८८५ मध्ये प्रसिद्ध केलं.)

आता तोडायचं की नाही. चार-पाच फांद्यांची आणि खोडाची साल नखानं किंचित खरवडा. खाली हिरवं, ओलसर दिसलं तर तिथे जीव आहे. पिवळट-तपकिरी, कोरडं असेल तर तेवढा भाग गेला. एक मात्र मनाची तयारी ठेवा, मोरपंखीचा तपकिरी झालेला पाला पुन्हा हिरवा होत नाही, आणि पार वाळलेल्या फांदीला नवी फूटही येत नाही. निम्म्याहून अधिक झाड हिरवं असेल तर वाळलेलं छाटून एक पावसाळा वाट पाहा. खोडच कोरडं निघालं तर ठेवण्यात अर्थ नाही, वाळवी मात्र घरात येईल. पण तोडण्याआधी नगरपालिकेची परवानगी घ्या. नागरी भागातल्या झाडांसाठी १९७५चा कायदा आहे आणि तो स्वतःच्या परसातल्या झाडालाही लागू आहे, हे घरातल्या मोठ्या माणसांनाही सांगा.

जाऊबाईंना काय सांगायचं ते बुंध्याशी खणल्यावर तुम्हाला कळेल. कूलरची नळी एका दिवसात तिथे गेली नसेल, फरशीही एकट्या तुम्ही बसवली नसेल.

आणि तोडायची वेळ आलीच, तर त्याआधी फांद्यांवर बोंडं आहेत का ते शोधा. निळसर हिरवी, शिंगं फुटल्यासारखी. त्यांतली पिकून तपकिरी झालेली, उकलू लागलेली बोंडं कागदाच्या पुडीत ठेवा, दोन दिवसांत बी आपोआप सुटेल. पहिल्या पावसानंतर वाळू मिसळलेल्या मातीत, सावलीतल्या कुंडीत पेरा. उगवायला महिनाभर लागतो, तोवर माती नुसती ओलसर ठेवा. रोप हातभर झालं की जमिनीत लावा, पण जुन्या जागी नको आणि कूलरच्या बाजूला तर नकोच.